पालखीचा खटला

वकिली सुरू करून मला काही महिनेच झाले होते, तेव्हाची गोष्ट. एक दिवस आई न सांगता खेडच्या कोर्टात आली. आंजर्ल्याच्या बाजूला खाडीकाठी आमचं घर. वडील मच्छीमारी होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे कप्तानच म्हणा. आई डोक्यावर पाटी घेऊन आतल्या गावांत मासे विकायची. त्या दिवशी तिनं रिकामी पाटी कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर ठेवली, पदर सारखा केला आणि आत येऊन मागच्या बाकावर बसली. मी एका साक्षीदाराला फैलावर घेतलं होतं. आई बघतेय म्हटल्यावर मला आणखी चेव चढला. प्रश्नावर प्रश्न. साक्षीदाराला श्वास घ्यायला सवड नाही.

बाहेर आल्यावर मी मोठ्या ऐटीत विचारलं, "कसं वाटलं?"

आई म्हणाली, "तू लय बोलतेस गो. त्या माणसाला बोलू दे की."

दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. पण नंतर आठवत गेलं. लहानपणी सुट्टीत मी तिच्याबरोबर फिरायचे. एखादी गिऱ्हाईक बाई माशाचा कल्ला उघडून नाक मुरडायची, "ताजा नाय वाटत." यावर आई कधी वाद घालत नसे. नुसती बघत राहायची. त्या बाईलाच मग अवघडल्यासारखं व्हायचं. "तसा बरा दिसतोय म्हणा," ती आपणहून म्हणायची आणि आत ताट आणायला जायची. आईचं सगळं कसब त्या मधल्या वेळात होतं. मी कायद्याची पुस्तकं मुंबईला राहून वाचली, पण साक्षीदारासमोर गप्प कसं राहायचं हे त्या दारादारांत बघितलेलं होतं. वापरायला यायला मात्र बरीच वर्षं गेली.

लोकांना वाटतं फौजदारी वकिलाचं काम म्हणजे हात उडवत भाषण करायचं. तसं काही नसतं. खटल्यात आधी सरकारी वकील आपल्या साक्षीदाराकडून हकिकत काढून घेतो, तो सरतपास. मग आरोपीचा वकील त्याच साक्षीदाराला प्रश्न विचारतो, तो उलटतपास. खटला बहुतेक वेळा तिथंच उभा राहतो किंवा आडवा होतो. उलटतपासाचा साधा नियम असा, की ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही तो प्रश्न विचारायचा नाही. साक्षीदाराकडून फक्त "हो" किंवा "नाही" घ्यायचं. "का" आणि "कसं" विचारलंत की त्यानं दार उघडलं आणि त्यातून काय बाहेर येईल ते तुमच्या हातात राहत नाही.

अर्थात आमच्याकडचे साक्षीदार "हो" किंवा "नाही" एवढ्यावर थांबतील तर शपथ. एका खटल्यात शेजाऱ्यानं फणसाचं झाड तोडलं आणि अंगावर कोयता घेऊन धावला म्हणून एका म्हातारीची फिर्याद होती. सरकारी वकिलांनी तिला विचारलं, "तो इसम आज कोर्टात हजर आहे का?" म्हातारी पिंजऱ्यातून सरळ खाली उतरली, आरोपीजवळ गेली, त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि म्हणाली, "ह्योच तो. किती बारीक झालास रे? बायको जेवाय घालते ना?" न्यायाधीशांनी फाइल तोंडासमोर धरली. ते प्रकरण त्याच दुपारी आपसात मिटलं, आणि दोघं एकाच एसटीनं घरी गेले.

असे बरेच प्रसंग आहेत. पण लोक मला "तुमचा सगळ्यात चांगला खटला कोणता" असं विचारतात, तेव्हा मी भिकाजीकाकांचा सांगते. यातली नावं बदललेली आहेत, आणि गाव खेडच्या वर डोंगराच्या अंगाला आहे, एवढंच सांगेन.

त्या गावात दोन वाड्या, वरची आणि खालची. भाऊबंद एकच. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते, आणि पहिल्यांदा कुठल्या वाडीत जायची यावरून त्यांचं दरवर्षी वाजायचं. वरच्या वाडीचे मानकरी भिकाजीकाका. साठीचे, ताडासारखे उंच, आवाज खणखणीत. खालच्या वाडीत त्यांचा चुलत पुतण्या महेश. हा परदेशी जाणाऱ्या मालवाहू जहाजावर खलाशी. शिमग्याला रजा जुळवून घरी यायचा आणि ढोल वाजवायचा. अंगानं किरकोळ, उंचीनं काकांच्या खांद्याला लागेल एवढा.

त्या वर्षी सकाळी काका आणि खालच्या वाडीचे लोक यांची भरपूर बाचाबाची झाली. महेशही काकांना उलटून बोलला. संध्याकाळी सहाणेसमोर, म्हणजे पालखी टेकवायच्या दगडी ओट्यासमोर, पालखी नाचवायला घेतली. गर्दी, गुलाल, ढोल. एकदम आरडाओरडा झाला आणि लोकांनी बघितलं तर काका खाली पडलेले, डोकं फुटलेलं, आणि महेश त्यांच्याजवळ उभा, हातात ढोलाची काठी.

काकांना बरेच दिवस दवाखान्यात काढावे लागले. शुद्धीवर आल्यावर त्यांचा जबाब झाला, की पुतण्यानं मागून काठी मारली. वरच्या वाडीच्या तिघांनी तेच सांगितलं. महेशवर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला. जामीन मिळाला, पण पासपोर्ट कोर्टात जमा. जहाज गेलं, पुढचंही गेलं. लग्न ठरलेलं होतं, तेही लांबलं. आणि भांडण नको म्हणून गावानं पालखी देवळातच ठेवली. शिमगा आला, गेला. ढोल वाजला नाही.

महेश आणि त्याची आई माझ्याकडे आले तेव्हा अशी परिस्थिती होती.

"तू मारलंस?" मी विचारलं.

"नाही मॅडम."

"मग कोणी मारलं?"

महेश खाली बघायला लागला. आईनं खिडकीबाहेर बघितलं.

मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. बाकी सगळं विचारा, सांगायचे. जहाजावर किती माणसं असतात, ढोल किती जड असतो, सगळं. तेवढ्या एका प्रश्नाला दोघं मुके.

कागद बघितले. डॉक्टरांच्या दाखल्यात जखम टाळूवर, म्हणजे डोक्याच्या अगदी माथ्यावर होती, आणि रुंद होती. मुद्देमाल म्हणून जप्त केलेली ढोलाची काठी मात्र बोटाएवढी बारीक, पुढं किंचित वाकवलेली. मला ते पटेना. मग मी जागा बघायच्या निमित्तानं गावात गेले. सहाण बघितली. तिच्याकडे जायला जांभ्याच्या उतरत्या पायऱ्या होत्या, लोकांच्या पायांनी झिजून गुळगुळीत झालेल्या. गावातले चार लोक जमले, पण त्या संध्याकाळचं विचारलं की पावसापाण्याचं बोलायचे. शेवटी महेशच्या घरी चहाला बसले. महेश दुकानात गेला होता. त्याची आई, सुमनकाकू, चुलीपाशी होत्या.

मी म्हटलं, "काकू, तुमचा महेश एवढासा. भिकाजीकाका ताडमाड. घाव तर बरोबर माथ्यावर बसलाय, वरून. महेशचा हात तिथं पोचत नाही. मला एवढंच सांगा, काकांच्या वर काय होतं?"

काकूंनी उठून मागचं दार लोटून घेतलं. परत येऊन बसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या,

"वर देव व्हता, बाय."

पुढचं त्यांनी तुकड्यातुकड्यानं सांगितलं. पालखी नाचवताना पुढच्या माणसाचा पाय पायरीवरून सरकला. पालखीचा दांडा खाली आला तो सरळ काकांच्या डोक्यावर. महेश ढोल टाकून धावला होता, पण काठी हातात राहिली. लोकांना ती काठी दिसली.

"अहो मग हे सांगितलं का नाहीत पोलिसांना?"

"आनि काय सांगू? देवानं भावोजींच्या डोस्क्यात घातला म्हनून?" काकूंचे डोळे भरून आले. "सकाळीच भांडले व्हते देवाच्या नावानं. लोक काय बोलतील? देव कोपला. भावोजींचा मान गेला. त्यांच्या दारात मग कधी पालखी जायाची नाय. माजा पोरगा जेलात गेला तर कधीतरी सुटंल. देव कोपलेलं घर सुटत नाय."

मी आजवर खूप अशिलं बघितली. आपल्यावरचा आळ दुसऱ्यावर ढकलणारी तर रोजची. पण ज्यानं आपल्यावर फिर्याद केली त्याची अब्रू जाऊ नये म्हणून तुरुंगात जायला तयार असलेलं घर पहिल्यांदाच बघत होते. महेश आल्यावर त्यानंही हात जोडले. "मॅडम, काठी बारीक आहे, मी बुटका आहे, ते सगळं बोला. पण कोर्टात काकांना पालखीचं विचारायचं नाही."

अशिलानं असं सांगितलं की वकिलाचे हात बांधले जातात. काठीच्या आणि उंचीच्या मुद्द्यावर संशयाचा फायदा कदाचित मिळाला असता. पण तिघं साक्षीदार डोळ्यांनी बघितलं म्हणत होते, आणि "कदाचित"च्या भरवशावर मला महेशला तुरुंगाच्या दारात उभं करायचं नव्हतं.

निघता निघता मी चपला घालत होते. सहज विचारलं, "काय रे, मग पालखी खाली पडली का?"

महेश चमकून बघायला लागला. मी जणू काही भलतंच बोलले होते. "पडेल कशी? आमच्या गावची पालखी कधी जमिनीला लागलेली नाही."

"अरे पण दांडा सुटला ना पुढचा?"

"काकांनी..." एवढं बोलून तो थांबला.

"काकांनी काय?"

"काका मध्ये घुसले," तो म्हणाला. आणि आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो एकदम आईकडे बघायला लागला.

मी दारातच उभी राहिले. मग त्या दोघांना परत बसवलं आणि म्हटलं, "मी काकांना एक प्रश्न विचारणार आहे. देव कोपला असं त्यातून निघणार नाही. माझ्यावर विश्वास ठेवा." सुमनकाकूंनी मुलाकडे बघितलं आणि मान हलवली.

खटला उभा राहिला. काका पहिले साक्षीदार. पांढरं धोतर, टोपी, टोपीखाली माथ्यावर जखमेचा वण. सरतपासात त्यांनी ठरल्याप्रमाणे सांगितलं, पुतण्यानं मागून काठी मारली. सांगताना महेशकडे मात्र एकदाही बघितलं नाही.

मी उलटतपासाला उठले. माझ्या सहकाऱ्यांना वाटत होतं मी काठी हातात घेऊन सुरुवात करणार. मी काठीला हात लावला नाही.

"काका, पालखीचा मान तुमच्या घराण्याकडे किती वर्षं आहे?"

"आज्याच्या आज्यापासून."

"तुम्ही स्वतः कधीपासून पालखीला खांदा देता?"

"मिसरूड फुटलं तवापासून."

"एवढ्या वर्षांत पालखी कधी जमिनीला टेकली?"

काकांचा आवाज चढला. "कधीच नाय!"

सरकारी वकील उठले, याचा गुन्ह्याशी संबंध काय म्हणाले. न्यायाधीशांनी मला विचारलं. मी म्हटलं, "आणखी तीन-चारच प्रश्न आहेत, साहेब." त्यांनी परवानगी दिली.

"त्या संध्याकाळी सहाणेच्या पायऱ्यांवर पुढच्या माणसाचा पाय सरकला, बरोबर?"

"सरकला."

"पालखी पुढं झुकली?"

"झुकली."

"दांडा सुटला?"

"सुटला."

इथवर मी नियमानं चालले होते. पुढचा प्रश्न नियमाबाहेरचा होता. त्याचं उत्तर मला माहीत होतं असं नाही, फक्त आशा होती.

"मग काका, पालखी का पडली नाही?"

आणि मी गप्प बसले.

काका माझ्याकडे बघत राहिले. मी नजर काढली नाही. सरकारी वकील उठतात की काय असं वाटलं, पण तेही बघत होते. काकांचे ओठ हलले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली, वणावर बोटं फिरवली, आणि पहिल्यांदा महेशकडे बघितलं.

"पडंल कशी?" ते म्हणाले. मग एकदम ताठ झाले. "मी व्हतो ना तिथं! खांदा द्याला गेलो, खांदा पोचला नाय. मग डोस्कं घातलं खाली. अख्खी पालखी डोस्क्यावर घेतली साहेब, अख्खी! देवाला जमीन लागू दिली नाय!"

मागच्या बाकांवर वरची वाडी एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला बसली होती. कोणीतरी "व्हय महाराजा" म्हणालं, आणि दोन्ही बाजू एकदम बोलायला लागल्या. शिपायाला ओरडावं लागलं.

"आणि महेश?" मी हळूच विचारलं.

"त्यो ढोल टाकून आला धावत. मागनं दांडा त्यानंच धरला. नायतर मी काय ऱ्हातो जिता?"

मी खाली बसले.

सरकारी वकील गोंधळून गेले होते. त्यांनी फेरतपासात, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला पुन्हा उठून, विचारलं, "मग तुम्हाला मारलं कोणी?"

"मारलं नाय कोनी," काका म्हणाले. "भार आला."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "काका, मग पोलिसांना तसं का सांगितलंत?"

काकांनी टोपी हातात फिरवली. "साहेब, मी बेशुद्ध व्हतो. जागा झालो तवा जो येल तो काठीचं सांगी. मना अंधुक आठवं, दांडा आल्याला. वाटलं, देवानं आपल्याला मारला. सकाळी लय तोंड टाकलं व्हतं ना. तसं कसं सांगू लोकांना? त्यापरीस पोरानं मारलं ता बरं." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या बायनं विचारलं पालखी का पडली नाय, तवा ध्यानात आलं. देवानं मारला नाय. देवानं डोस्कं मागून घेतलं."

बाकीच्या तिघांच्या साक्षी नंतर झाल्या, पण त्यांत काही राम उरला नव्हता. काकांनी काय सांगितलं ते कळल्यावर तिघंही म्हणाले, काठी बघितली, मारताना बघितलं नाही. निर्दोष सुटकेचा निकाल आला त्या दिवशी कोर्टाच्या आवारात महेशनं काकांचे पाय धरले. काकांनी त्याला उठवलं, छातीशी घेतलं, आणि मग जरा वेळानं खेकसले, "ढोल टाकलास तो फुटला ना! आता शिमग्याला काय पत्र्याचा डबा वाजीवनार?"

पासपोर्ट सुटला. महेश शिमगा करूनच जहाजावर गेला. त्या वर्षी पालखी पहिल्यांदा कुठल्या वाडीत गेली, असं मी मुद्दाम विचारलं. सुमनकाकू हसून म्हणाल्या, "भावोजी बोल्ले, आधी खालच्या वाडीत न्या." खालच्या वाडीचे म्हणाले, तुमच्याकडे आधी. त्यावरून पुन्हा तासभर वाजलं.

सगळेच खटले असे सुटले नाहीत. काही वेळा मी बरोबर होते आणि हरले, ती माणसं अजून डोळ्यांसमोर येतात. महेशची दोन वर्षं जमिनीवर गेली तीही कोणी परत दिली नाहीत. आता मी काम कमी केलंय. सकाळी कोर्टात जाते, जुन्या तारखा असतील त्या करते, नव्या वकील मुली चांगलं काम करतात त्यांचं ऐकत बसते. लय बोलतात. पण मी सांगत नाही.

निकालानंतर बऱ्याच दिवसांनी भिकाजीकाका माझ्या ऑफिसात आले. कोर्टातून आपल्या साक्षीची नक्कल काढून आणली होती. घरात देवाजवळ फ्रेम करून लावायची होती. त्याआधी मी वाचून दाखवावी म्हणून आले होते. मी वाचायला लागले. कोर्टात साक्ष जशीच्या तशी उतरत नाही, न्यायाधीश ती सारांशानं लिहून घेतात. "हे म्हणणे खरे आहे की, पालखी पुढे झुकली. हे म्हणणे खरे आहे की, त्या वेळी माझे डोके दांड्याखाली आले."

"आलं?" काका खुर्चीतून उठले. "डोस्कं आलं? आलं नाय, मी घातलं! बदला ता."

"काका, कोर्टाचा कागद आहे. एक अक्षर बदलता येत नाही."

"आनि अख्खी पालखी घेतली ता कुठं हाय?"

"ते नाही त्यात."

काका हिरमुसले. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. चहा आला तोही निमूट प्यायले. दारापर्यंत गेले, आणि मागं फिरले.

"तुमी दिवाळी अंकात कायबाय लिवता ना?"

"लिहिते कधीकधी."

"मग त्यात लिवा नीट."

"नाव बदलावं लागेल हं."

"बदला. गाव बदला, वाडी बदला, मना काय." त्यांनी बोट उगारलं. "पन ता बदलू नका."

नाही बदललं काका. डोकं तुम्ही आपणहून घातलंत, आणि पालखी जमिनीला लागली नाही.